जुन्या गाडीचा एसी गार करत नाहीये? गॅस भरायच्या आधी हे सगळं बघून घ्या

जुनी गाडी घेतली आणि एसी नीट चालत नाही म्हटलं की ज्याला विचाराल तो एकच सांगतो, गॅस भरून घे. आणि गंमत म्हणजे भरल्यावर आठ-पंधरा दिवस खरंच गार हवा येते, मग हळूहळू येरे माझ्या मागल्या. मी माझ्या पहिल्या जुन्या गाडीत लागोपाठ दोन उन्हाळे हेच केलं आणि तिसऱ्या वेळी मात्र ठरवलं की आता आधी समजून घ्यायचं आणि मगच पैसे खर्च करायचे. त्यातून जे शिकलो ते नवीन माणसाला पहिल्यापासून कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद पाइपांमधे तोच तोच फिरत असतो. रबरी पाइपांमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाला अगदी थोडासा झिरपतो हे खरंय, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी थोडा कमी झाला तर समजू शकतो, पण एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गायब झाला असेल तर कुठेतरी लीक आहे म्हणजे आहेच. आणि दुसरं म्हणजे हवा गार न येण्याची निम्मी कारणं अशी असतात की त्यात गॅसचा काही संबंधच नसतो.

आधी थोडं यंत्र समजून घ्या, फार नाही, एवढंच

कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, तो गॅस दाबतो आणि दाबल्यामुळे गॅस खूप गरम होतो. हा गरम गॅस पुढे रेडिएटरच्या समोर असलेल्या जाळीत जातो, ती म्हणजे कंडेन्सर, तिथे बाहेरच्या हवेने थंड होऊन त्याचं लिक्विड होतं. मग ते ड्रायरमधून, म्हणजे ओलावा आणि कचरा शोषणाऱ्या बाटलीतून, एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी येतं. तिथे एकदम बारीक भोकातून बाहेर पडतं, प्रेशर धाडकन उतरतं आणि डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमधे ते उकळायला लागतं. उकळताना उष्णता ओढून घेतं, ब्लोअरची हवा त्या कॉइलवरून जाते आणि गार होऊन तुमच्या तोंडावर येते. मग गॅस परत कॉम्प्रेसरकडे. काही गाड्यांत व्हॉल्व्हच्या जागी ठरावीक भोकाची नळी असते आणि बाटली कॉम्प्रेसरच्या आधी असते पण तत्त्व तेच.

आता गंमत बघा, म्हणजे यात पाच-सहाच ठिकाणं आहेत, त्यामुळे बिघाडही तिथलाच कुठला तरी असणार. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त क्रमाने जायचं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. लिक्विड गॅस बाहेर आला तर तो उणे २६ अंशाला उकळतो, बोटाला किंवा डोळ्याला लागला तर जागेवर गोठवतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय एसीच्या कुठल्याही नटला हात लावू नका. भरलेल्या सिस्टिमचा पाइप पाना लावून कधीच खोलायचा नाही. गॅस असलेल्या पाइपाजवळ वेल्डिंग किंवा टॉर्चची ज्योत नाही, कारण तापल्यावर त्याची विषारी वाफ होते. आणि बोनेट उघडं असताना पुढचा पंखा कधीही आपोआप सुरू होऊ शकतो, तेव्हा सैल बाही, ओढणी, मोकळे केस, सगळं आवरून घ्या.

पहिली पायरी: तक्रार नक्की काय आहे ते लिहून काढा

"एसी चालत नाही" एवढ्याने काही कळत नाही. हवाच कमी येतेय, की हवा भरपूर येतेय पण गार नाही? सुरुवातीपासून गरम आहे की अर्ध्या तासाने गरम होतेय? सिग्नलला उभं राहिल्यावर गरम आणि हायवेला गार? एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला कोमट? या प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या ठिकाणी जातं, आणि मेकॅनिककडे गेलात तरी हे नीट सांगितलं तर त्याचा निम्मा वेळ वाचतो.

एक साधा थर्मामीटर घ्या, किचनमधला काडीचा असतो तो पण चालेल. गाडी सावलीत लावा, एसी फुल, ब्लोअर फुल, आतली हवा फिरवायचं बटण चालू, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरा आणि डॅशबोर्डच्या मधल्या हवेच्या जाळीत काडी खोचून १० मिनिटं थांबा. चांगला एसी ५ ते १० अंश दाखवतो. बाहेर खूपच ऊन आणि दमट हवा असेल तर थोडं जास्त दिसेल, तरी बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी कमी यायलाच हवं. हा आकडा, बाहेरचं तापमान आणि तारीख लिहून ठेवा. हाताला गार वाटतंय की नाही यावर विश्वास ठेवू नका, उन्हातून आलेल्या माणसाला १८ अंशाची हवा पण गार वाटते.

दुसरी पायरी: गाडीच्या आतून सुरुवात

हवाच कमी येत असेल तर गॅसचा विचार डोक्यातून काढून टाका. ग्लव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो, तो काढून उजेडात धरा, आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. फार जुन्या गाड्यांत फिल्टरच नसतो आणि मग सगळी धूळ, पानं, केस सरळ कूलिंग कॉइलवर जाऊन बसतात आणि तिथे फेल्टसारखा थर होतो. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालत असेल आणि बाकी स्पीड मेले असतील तर रेझिस्टर गेलाय, तो ब्लोअरजवळच असतो, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. मात्र तो बदलताना कनेक्टर वितळलाय का तेपण बघा, वितळला असेल तर ब्लोअर मोटर जड झालीये आणि जास्त करंट ओढतेय, नवा रेझिस्टर पण जाईल.

आता एक असं कारण जे नवीन माणसाला कोणी सांगतच नाही. एसी एकदम व्यवस्थित गार करत असतो पण त्याच डब्यात हीटर पण चालू असतो! जुन्या गाडीत थंड-गरमचा नॉब एका केबलने फ्लॅप हलवतो किंवा हीटरच्या पाण्याचा कॉक बंद करतो. केबल निसटली, फ्लॅपचं प्लॅस्टिक तुटलं, फोम झडला किंवा कॉक अर्धवट उघडा राहिला की इंजिनचं ८०-९० अंशाचं पाणी हीटरमधून जात राहतं आणि गार झालेली हवा परत तापून बाहेर येते. ओळखायचं कसं, तर इंजिन थंड असताना सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं मस्त गार आणि इंजिन तापलं की कोमट, असं होत असेल तर संशय इथेच घ्या. कॉक असलेल्या गाडीत नॉब पूर्ण थंडवर ठेवून कॉकच्या पुढचा पाइप हाताने बघा, तो गार हवा. कॉक नसेल तर दोन्ही पाइप गरमच असणार, ते बरोबर आहे. तशा गाडीत नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि फ्लॅप आपटल्याचा आवाज येतो का ते ऐका. खात्री करायची असेल तर हीटरचा एक पाइप थोड्या वेळासाठी रबर लावलेल्या क्लॅम्पने दाबून बघता येतो, पण पाइप जुना आणि कडक झाला असेल तर दाबू नका, तडकतो, आणि मग नसतं काम वाढून बसतं.

तिसरी पायरी: कॉम्प्रेसर जोडला जातोय का

बोनेट उघडा, इंजिन चालू, कोणाला तरी आत बसवून एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरच्या पुलीचा बाहेरचा घेर कायम फिरत असतो, पण मधली चकती एसी चालू केल्यावरच टक् आवाज करून घेरासोबत फिरायला लागते. तो मॅग्नेट क्लच. नव्या काही गाड्यांत क्लचच नसतो आणि कॉम्प्रेसर सतत फिरतो, तिथे ही टेस्ट लागू नाही, पण जुन्या गाडीत बहुतेक क्लच असतोच.

टक् होत नसेल तर या क्रमाने जा. फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, फ्यूज बॉक्समधे हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले असतो, दोन्हीवरचे नंबर सारखे असतील तर अदलाबदल करून बघा, फुकटात टेस्ट होते. मग क्लचच्या वायरवर मल्टीमीटर लावा, एसी चालू असताना १२ व्होल्टच्या आसपास येतंय का. व्होल्ट येतंय तरी क्लच ओढत नाही म्हणजे क्लचची चुंबकाची कॉइल गेलीये किंवा अर्थ तुटलाय. कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओहम असतो, मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल जळलीये.

व्होल्टच येत नसेल तर प्रेशर स्विचने सप्लाय अडवला असण्याची शक्यता मोठी. हा स्विच पाइपावर किंवा ड्रायरवर असतो, गॅस फार कमी झाला की क्लचची लाइन तोडतो आणि फार जास्त झाला तरी तोडतो. तो तुमच्या कॉम्प्रेसरचा जीव वाचवतोय हे समजून घ्या. कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही म्हणजे ऑइल नाही, आणि ऑइल नाही म्हणजे कॉम्प्रेसर जाम. काही लोक स्विचच्या दोन वायरी जोडून एसी जबरदस्ती चालू करतात आणि तशीच गाडी देऊन टाकतात, हे कृपा करून कोणालाही करू देऊ नका. त्यापेक्षा आधी सिस्टिममधे गॅस आहे का ते प्रेशर मोजायच्या गेजने बघा, गॅस पुरेसा असूनही स्विच उघडा असेल तर स्विच बदलायचा. आणि हो, इंजिन खूप तापलं तर काही गाड्या स्वतःहून कॉम्प्रेसर बंद करतात, तेव्हा तापमानाच्या काट्याकडेपण लक्ष द्या.

इथे माझाच अनुभव सांगतो. माझ्या गाडीचा एसी रोज २५-३० मिनिटं एकदम बर्फासारखा आणि मग अचानक गरम, गाडी तासभर उभी केली की परत ठीक. एका गॅरेजमधे कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं. मी नुसतं बोनेट उघडून गरम झाल्यावर बघत बसलो तर क्लच सुटलेला दिसला, एक लाकडी काठी घेऊन, इंजिन बंद करून, चकती ढकलून बघितली तर तिच्यात आणि पुलीत बरीच फट होती. ही फट वापराने वाढत जाते. नवीन असताना साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते, गाडीप्रमाणे थोडी कमीजास्त. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक कमजोर पडतो आणि मोठी फट ओढून घेऊ शकत नाही. बऱ्याच क्लचमधे चकतीच्या मागे पातळ वॉशर असतात, मधला बोल्ट खोलून त्यातला एक काढला, फीलर गेजने फट मोजून परत बसवलं, झालं. तोच कॉम्प्रेसर पुढे कित्येक वर्षं चालला. म्हणून सांगतो, अर्ध्या तासाने बंद पडणारा एसी म्हणजे कॉम्प्रेसर गेला असं लगेच मानू नका.

बेल्ट बद्दल थोडक्यात: एसी चालू केल्यावर चर्र असा आवाज आला तर बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय. एसी बंद असतानाही पुलीतून घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग, ते वेगळं बदलता येतं. एसी चालू केल्यावरच आतून खडखड येत असेल तर मात्र कॉम्प्रेसरचीच तब्येत बरी नाही.

चौथी पायरी: सिग्नलला गरम, हायवेला गार

हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की गेज लावायच्या आधीच उत्तर कळतं, कंडेन्सरवर हवा पुरेशी जात नाहीये. गाडी पळताना वारा लागतो, उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर. एसी चालू केल्यावर पुढचा पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला हवा. फिरत असेल तरी जोरात फिरतोय का ते बघा, जुनी मोटर फिरते पण दम नसतो. आणि पंखा कधी बदलला असेल तर उलटा फिरत नाहीये ना तेही बघा, दोन वायरी उलट्या जोडल्या की पंखा हवा ओढायच्या ऐवजी पुढे फेकतो. बघायची पद्धत सोपी, मोठा कागद ग्रिलसमोर धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे.

मग कंडेन्सर साफ करा. नळाचं पाणी साध्या धारेने, जमेल तर इंजिनच्या बाजूने बाहेर. प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, त्याच्या पातळ पत्र्या वाकतात आणि वाकलेल्या पत्र्यातून हवा जात नाही. बऱ्याचदा खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो, समोरून चकाचक दिसतं आणि मधे मातीची गादी असते. तिथला बाजूचा फोम किंवा रबर पट्टी पडली असेल तर परत लावा, ती नसेल तर इंजिनकडची गरम हवा वळून परत पुढे येते.

खात्री करायला एक मस्त युक्ती आहे: गाडी उभी, एसी चालू, आत थर्मामीटर, आणि कंडेन्सरवर बाटलीने पाणी फवारा. दोन मिनिटांत आकडा चांगला खाली आला तर दोष हवेचा किंवा कंडेन्सरचा, काहीच फरक पडला नाही तर पुढे चला.

पाचवी पायरी: पाइपांना हात लावून बघा

एसी १० मिनिटं चाललाय, आता बोनेटमधे दोन पाइप शोधा जे डॅशबोर्डच्या भिंतीत जातात. जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, थंडगार पाण्याच्या बाटलीसारखा. बारीक पाइप कोमट ते गरम. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारा पाइप हात भाजेल इतका गरम असतो, त्याला पकडू नका, नुसतं जवळ नेऊन बघा. जाड पाइप जेमतेम गार असेल तर गॅस कमी किंवा कॉम्प्रेसर कमजोर. बारीक पाइपावर मधेच एखाद्या ठिकाणी एकदम गार पडत असेल किंवा दव धरत असेल तर तिथेच आत काहीतरी अडकलंय, बहुतेकदा ड्रायर. काही जुन्या गाड्यांत ड्रायरवर छोटी काच असते, त्यात सतत बुडबुडे दिसले तर गॅस कमी असं समजायचे, पण ते फार जुन्या गाड्यांतल्या आर-१२ गॅसला चांगलं लागू पडायचं, नंतरच्या गाड्यांतल्या आर-१३४ए गॅसमधे नुसत्या बुडबुड्यांवर जाऊन गॅस वाढवत बसलात तर जास्त भरला जातो.

सहावी पायरी: गेज

इथून पुढे मॅनिफोल्ड गेज, म्हणजे प्रेशर दाखवणाऱ्या दोन काट्यांचा गेज लागतो, निळा लो साइड म्हणजे कमी प्रेशरची बाजू, लाल हाय साइड म्हणजे जास्त प्रेशरची. आर-१३४ए च्या दोन्ही कपलरचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत त्यामुळे उलटे बसत नाहीत. गेज नसेल तर ही पायरी मेकॅनिककडे करा पण आकडे स्वतः बघा, तो नक्की दाखवेल.

आधी इंजिन बंद असताना. काही तास उभ्या गाडीत दोन्ही काटे सारखे असतात आणि प्रेशर बाहेरच्या तापमानावर ठरतं. आर-१३४ए साठी २५ अंशाला साधारण ८० पीएसआय (प्रेशरचं माप, टायरच्या हवेचं असतं तेच), ३० ला ९५ च्या आसपास, ३५ ला ११५ च्या जवळ. एक गोष्ट बरेच जण चुकतात, हा आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पूर्ण आहे असं होत नाही, सिस्टिममधे थोडंसं जरी लिक्विड शिल्लक असेल तरी प्रेशर एवढंच दिसतं. पण आकडा यापेक्षा खूप कमी असेल तर गॅस जवळपास संपलाय हे नक्की, आणि खूप जास्त असेल तर आत हवा शिरलीये किंवा भलताच गॅस भरलाय.

मग एसी चालू करून, १५०० आरपीएम. बाहेर ३० अंश असेल तर लो साइड ३० ते ४० आणि हाय साइड १८० ते २२५ हे निरोगी आकडे. बाहेर जास्त ऊन असेल तर दोन्ही वर सरकतात. लो साइडचा आकडा म्हणजे खरं तर कूलिंग कॉइलचं तापमानच असतं: ३० पीएसआय म्हणजे गॅस १-२ अंशाला उकळतोय, २० म्हणजे उणे ५-६, म्हणजे कॉइलवर बर्फ धरणार. हे एकदा डोक्यात बसलं की गेज वाचायला मजा येते.

दोन्ही कमी असतील तर गॅस कमी, म्हणजे लीक. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, दोन्ही काटे एकमेकांजवळ, तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय, दाबतच नाहीये. लो साइड एकदम खाली, शून्याच्या पण खाली जातोय, तर व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. आणि जर हे अधूनमधून होत असेल, म्हणजे काही वेळ ठीक मग अचानक लो साइड शून्याकडे आणि गाडी थोडी थांबवली की परत ठीक, तर आत ओलावा आहे आणि तो व्हॉल्व्हच्या तोंडावर बर्फ होऊन बसतोय. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरला हवा नाही, किंवा गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा आहे. जास्त गॅसने जास्त गार होतं हा गैरसमज पार मनातून काढा, जास्त झालेलं लिक्विड कंडेन्सरमधेच जागा अडवून बसतं आणि कूलिंग उलट कमी होतं, कॉम्प्रेसरवर लोड येतो तो वेगळाच.

सातवी पायरी: लीक शोधणं, आणि इथे घाई नको

गॅस कमी निघाला तर आता खरं काम. गॅसबरोबर ऑइलपण बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे जिथे तेलकट काळा डाग तिथे संशय. उजेडाची बॅटरी घेऊन सगळे जॉइंट, कंडेन्सरची खालची बाजू आणि दगड लागायच्या जागा, कॉम्प्रेसरचा पुढचा शाफ्ट, पाइपांचे क्रिम्प केलेले भाग बघा. पाइप बॉडीला घासत असेल तर तीही जागा बघा, अल्युमिनियमला घासून घासून भोक पडतं.

गॅस भरायच्या नळीच्या आत व्हॉल्व्हची छोटी पिन असते, टोपण काढून त्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटं बघा. माझा दोन उन्हाळ्यांचा गॅस याच पिनमधून गेला होता! वरचं टोपणपण सीलचंच काम करतं, त्यात छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी असते, म्हणून टोपण हरवलं असेल तर ते आधी लावा. पिन बदलताना एसीचीच घ्या, टायरची दिसायला तशीच असते पण तिचं रबर या गॅसला आणि ऑइलला टिकत नाही. आणि बदलायच्या आधी गॅस रिकव्हर केलेला, म्हणजे मशीनने काढून घेतलेला असला पाहिजे हे सांगायला नकोच.

लीक बारीक असेल तर यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारा रंग टाकून काही दिवस गाडी चालवायची आणि मग अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून शोधायचं, लीकच्या जागी हिरवट पिवळं चमकतं. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्यामुळे दिसत नाही, तर खाली जे पाणी टपकतं त्या नळीच्या तोंडाशी टॉर्च मारा, तिथे चमकलं तर कॉइल लीक. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर जॉइंटच्या खालच्या बाजूने फिरवा कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली उतरतो. आणि सिस्टिम पूर्ण रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून भरायचा आणि साबणाचं पाणी लावायचं, टायरच्या कॉम्प्रेसरची हवा नाही, त्यात ओलावा असतो.

डब्यातलं लीक बंद करणारं केमिकल टाकू नका. ते बारीक भोकात जमतं हे खरं, पण एक्सपान्शन व्हॉल्व्हचं भोक पण बारीकच असतं, आणि नंतर चांगल्या वर्कशॉपमधे ते सापडलं तर मशीन खराब होईल म्हणून ते लोक गाडीला हातच लावत नाहीत. तसंच स्वयंपाकाच्या गॅससारखा जळणारा गॅस स्वस्तात कोणी भरून देत असेल तर सरळ नाही म्हणा, कॉइल लीक झाली तर तो गॅस केबिनमधे येतो, जिथे तुमची माणसं बसलेली असतात.

आठवी पायरी: गॅस भरताना काय काय झालंच पाहिजे

दुरुस्ती झाली, आता भरणं. हे काम बहुतेक नवीन लोक बाहेरूनच करून घेतील, तेच बरं, बऱ्याच देशांत गॅस हवेत सोडायला कायद्याने मनाई पण आहे. तुम्ही फक्त या गोष्टी उभं राहून बघा. खोललेल्या प्रत्येक जॉइंटची ओ-रिंग नवीन, एसीचं ऑइल लावून. सिस्टिम उघडली होती तर ड्रायर नवीन, आणि त्याची बुचं शेवटच्या क्षणी काढायची कारण तो हवेतला ओलावा लगेच पितो. मग व्हॅक्युम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, किमान ३० ते ४५ मिनिटं, पाच मिनिटं पंप लावून भागत नाही. व्हॅक्युममुळे आतलं पाणी वाफ होऊन निघतं आणि ओलावा राहिला तर तो गॅस आणि ऑइलबरोबर ॲसिड बनवतो आणि आतून पाइप खातो. पंप बंद करून १५-२० मिनिटं काटा हलत नाही ना ते बघायचं, हलला तर लीक अजून आहे, गॅस भरू नका.

भरायचा तो वजनाने. बोनेटखाली स्टिकर असतो त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाडीत बऱ्याचदा ५०० ग्रॅमच्या आतच काम असतं, त्यामुळे ५० ग्रॅम इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो. हाताने पाइप चाचपून "झालं बघा" असं म्हणणाऱ्याला वजन काट्यावर भरायला सांगा. स्वतः डब्याने भरत असाल तर फक्त लो साइडने, डबा उभा धरून, आणि चालू इंजिनवर हाय साइडचा व्हॉल्व्ह चुकूनही उघडायचा नाही, तिकडचं प्रेशर डब्यात आलं तर डबा फुटतो.

गाडी फारच जुनी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची किंवा आधीची असेल तर तिच्यात आर-१२ असू शकतो. ओझोनच्या थराला भोक पाडणारा म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने तो हद्दपार झाला. अशा गाडीत सरळ आर-१३४ए ओतायचा नाही, आर-१२ बरोबरचं मिनरल ऑइल आर-१३४ए मधे मिसळत नाही, त्यामुळे ते फिरून कॉम्प्रेसरपर्यंत परतच येत नाही. जुना गॅस रिकव्हर करून ऑइल काढायचं, सिस्टिम फ्लश करायची म्हणजे आतून धुवायची, ड्रायर आणि ओ-रिंगा बदलायच्या, नवीन गॅसला चालणारं ऑइल भरायचं, फिटिंग बदलायची आणि गॅस जुन्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के. नवीन गाड्यांतला आर-१२३४वायएफ पण वेगळा, तो आणि आर-१३४ए एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत.

कॉम्प्रेसर आतून तुटून बदलावा लागला असेल आणि पाइपांत काळपट चिकट गाळ दिसला तर नुसता कॉम्प्रेसर बदलून उपयोग नाही, तो गाळ नव्यालाही मारतो. पाइप फ्लश, ड्रायर आणि व्हॉल्व्ह नवीन, आणि बारीक नळ्यांचा कंडेन्सर असेल तर तोही नवीन, कारण तो फ्लशने पूर्ण साफ होत नाही.

राहिलेल्या दोन तक्रारी

तास-दीड तास चालवल्यावर जाळीतून हवाच कमी होत जाते, आणि एसी १० मिनिटं बंद करून नुसता ब्लोअर चालवला की परत जोरात येते, असं असेल तर कॉइलवर बर्फ जमतोय. कॉइलजवळ एक सेन्सर किंवा थर्मोस्टॅट असतो, तो कॉइल शून्याच्या जवळ गेली की कॉम्प्रेसर बंद करतो. तो गेला किंवा जागेवरून निघाला तर हे होतं. ब्लोअर एकवर ठेवून, फिल्टर तुंबलेला, तरी असंच होतं म्हणून फिल्टर आधी बघा.

दुसरी, पायाखालचं कार्पेट ओलं किंवा एसी लावला की कुबट वास. कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबलीये. गाडीखालून नळीचं तोंड शोधून हलक्या हाताने मऊ तार फिरवा, फार आत खुपसू नका, कॉइल तिथेच असते. वास राहिला तर कॉइलवर बुरशी आहे, कॉइल धुवायचा फोम मिळतो. आणि रोज उतरायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला की कॉइल सुकते, वास परत येत नाही.

थंडीत महिनोन्महिने एसी बंद ठेवता ना, ते पण नको. आठवड्यातून १० मिनिटं चालवा, शाफ्टच्या सीलला ऑइल पोचत राहतं, नाहीतर ते सुकून तिथूनच लीक सुरू होतो.

आणि पहिल्या पायरीत जो कागद लिहिला होता तो फेकू नका. दुरुस्तीनंतर तसाच थर्मामीटर लावून आकडा घ्या, बाजूला दोन्ही प्रेशर, भरलेल्या गॅसचं वजन आणि तारीख लिहा आणि ग्लव्ह बॉक्समधे ठेवा. महिन्याभराने तशाच हवेत परत मोजा, चार-पाच अंश वाढलेले दिसले तर लीक अजून बाकी आहे, आणि त्या कागदावरून मेकॅनिकला ते दोन मिनिटांत समजेल.